चहापार्टीचा मेनू

"पाच वाजता माझ्या कॉलेजला मेल जाणार आहे, मॅडम. तो गेला की संपलं सगळं."

विजयमाला शिंदे बोलत होती. नगरहून धावत आलेल्या खाजगी गुप्तहेर शोभा वैद्य यांनी घड्याळ पाहिले. साडेतीन. सोबत मामेभाऊ अवधूत होता. त्याची गाडी वेगात चालते, डोके जरा सावकाश.

श्रीरामपुरात इतिहासाच्या शिक्षकांचे पाच दिवसांचे प्रशिक्षण चालू होते. विषय होता अमेरिकेचा आरंभीचा इतिहास. शेवटी प्रत्येकाने एका तासाचे पाठटाचण द्यायचे होते. प्रशिक्षणाला आलेल्या राधाकृष्ण सरांचे टाईप केलेले टाचण गुरुवारी आले, विजयमालाचे हाताने लिहिलेले शुक्रवारी सकाळी. दोन्ही जवळपास शब्दशः सारखी निघाली. साहजिकच चोर ठरली विजयमाला.

"अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. या प्रमाणपत्रावर कायमची ऑर्डर निघणार होती. आता चोर म्हणून घरी जाऊ?"

"वही कुणाच्या हातात गेली होती?"

"बुधवारी झेरॉक्ससाठी ऑफिसात ठेवली होती, तासभर. तिथे टायपिंग करणारी पूजा होती. राधाकृष्ण सर येऊन-जाऊन होते."

अवधूतने दोन्ही कागद शेजारी ठेवले. विजयमालाचे अक्षर इतके दाटीचे की त्याला ओळ लागेना. "सरांचं बरं आहे. त्यांच्यात शेवटी एक उपक्रमही जास्त आहे. 'बोस्टन चहापार्टीच्या खान्याचा मेनू मुलांकडून लिहून घ्या.' मजेशीर आहे, ताई."

शोभाताई हसल्या नाहीत.

राधाकृष्ण सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "वीस वर्षांची कायम नोकरी आहे माझी. मी कशाला चोरी करू? घरी कच्चं लिहिलं, टाईप झाल्यावर फाडून टाकलं. उपक्रमही माझाच."

ऑपरेटर पूजा रडवेली झाली होती. "मी कुनाची वही न्हाई उघडली. सर मोबाईलात बघून वाचत हुते, मी ऐकून टाईप करत हुते. मला त्यातलं काय कळतंय?"

पावणेपाचला सगळे समन्वयक नृसिंह जोशींच्या खोलीत जमले.

"विजयमाला, तुमच्या वहीतली तिसरी ओळ वाचा," शोभाताई म्हणाल्या.

"चहा बोस्टनकडे रवाना झाला."

"सरांच्या टाचणात तीच ओळ अशी आहे: 'चहा, बोस्टनकडे खाना झाला.' विजयमाला र आणि व चिकटवून लिहितात. त्याचा सहज ख होतो."

"टायपिंगची चूक ती," राधाकृष्ण सर म्हणाले. "पोरीला विचारा."

"पूजाने वही पाहिली नाही, तिने ऐकलं. रवाना आणि खाना डोळ्याला सारखे दिसतात, कानाला नाही. म्हणजे चुकला तो वाचणारा. स्वतःचं लिहिलेलं असतं तर तुम्ही रवानाच वाचलं असतं. घरी लिहिलेला कागद मोबाईलमध्ये बघून वाचायची गरजही नव्हती. तुम्ही या वहीचा फोटो वाचत होतात."

"एका शब्दावरून..."

"शब्द सोडून देऊ. पण त्या चुकीवर तुम्ही मेनूचा उपक्रम रचलात, आणि तो तुमचाच, हे आताच सांगितलंत. बोस्टनला कुणी जेवलं नाही, सर. लोकांनी करावरून चिडून चहा समुद्रात फेकला. हे टाचण ज्याने लिहिलं त्याला ते माहीत होतं."

अवधूतने मेनूची ओळ पुन्हा वाचली आणि कान पकडला. राधाकृष्ण सरांनी मोबाईल खिशात घातला. विजयमालाने पदराने डोळे पुसले. तिला रडूही नीट येत नव्हते.

जोशींनी घसा साफ केला. "एक अडचण आहे. शंकाच नव्हती, म्हणून मी मेल दुपारीच पाठवला."

तेवढ्यात विजयमालाचा फोन वाजला. स्क्रीनवर 'प्राचार्य' होते. तिने तो उचलला नाही. खुर्ची ओढून ती जोशींच्या कॉम्प्युटरशेजारी बसली.

"दुसरा मेल लिहा, सर," ती म्हणाली. "माझ्यासमोर. चोरी कुणी केली ते नावानिशी लिहा. तो गेला की मी फोन घेते."

फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला. जोशी टाईप करू लागले.