काकांच्या मशीनची ओळ

देवाला स्मरून सांगते, यातला एक शब्दही पदरचा नाही.

गेल्या रविवारची दुपार. अडीच वाजलेले. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कॉम्प्युटर विभागात मी एकटीच.

बालविभागातल्या औषधपंपांच्या प्रोग्राममध्ये चूक सापडली होती. मधूनच डोस दहापट व्हायचा. कंपनीने दुरुस्त आवृत्ती दिली होती. चारच्या औषधाआधी ती चढवायची होती. तीन लेकरं त्या पंपांवर होती.

प्रोग्राम कुठून आणायचा, हे आमचा सर्व्हर एका यादीत बघतो. वरून खाली. पहिल्या ठिकाणी मिळाला की पुढे विचारतच नाही. यादीत सगळ्यात वर काकांचं मशीन, म्हणजे विभागातल्या आमच्या जुन्या काकांचा कॉम्प्युटर. काकांनीच मला हे काम शिकवलं. ते जाऊन वर्ष झालं. मशीनही तेव्हाच बंद केलं. ती ओळ मात्र माझ्याच्यानं खोडवली नाही. चूक माझीच.

मी आज्ञा दिली...

जुनीच आवृत्ती आली.

काकांच्या मशीनवरून.

ओळ खोडली. पुन्हा आज्ञा दिली...

पुन्हा जुनीच. आणि ओळ परत सगळ्यात वर.

बालविभागाच्या सिस्टरचा फोन आला.

"झालं का गं?"

"सिस्टर, एक बंद मशीन मधे येतंय."

"बंद आहे ना? मग त्याला म्हणावं गप पड. मी काय तीन खाटांवर थेंब मोजत बसू?"

स्टोअररूम उघडली. मशीन फळीवर होतं. वायर गुंडाळलेली, प्लग लोंबकळत होता.

आणि आतून... पंख्याची घरघर.

हात लावला. गरम.

पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मनात नामस्मरण सुरू केलं आणि तिथेच उभी राहिले.

"काका, तुमचा मान माझ्या डोक्यावर. पण चुकीचं औषध त्या पोरांच्या अंगात मी जाऊ देणार नाही. तुम्ही कितीदाही वर येऊन बसा, मी तितक्या वेळा खोडेन."

घरघर थांबली.

ओळ खोडली. तीन चाळीसला नवी आवृत्ती चढली. चार वाजता सिस्टर म्हणाल्या, "आकडे बरोबर आहेत. जेव आता काहीतरी."

सोमवारी यादी उघडली...

ओळ परत आली होती. सगळ्यात खाली.

"एका ओळीनं काय बिघडतंय? राहू दे," साहेब हसले.

नाही राहू देणार. खोडली.

मंगळवारी मशीन भंगारात दिलं. माझ्यासमोर फोडलं.

आज सकाळी ती ओळ तळापासून दुसरी होती.

खोडली.

उद्याही ड्यूटीवर मीच आहे.