फुटाण्याच्या पुडीतला मे महिना

"पुंज्या, थांब! पुडी फेकू नको!"

उषाने मामेभावाच्या हातातून कागद हिसकावला, तसे उरलेले फुटाणे जालन्याच्या छावणीच्या रस्त्यावर सांडले.

"अगं, माझे फुटाणे!" पुंजाराम कळवळला.

१९४३ सालचा मे महिना होता. केदारखेड्याचा पुंजाराम सुट्टीत आत्याकडे आला होता. तो, उषा आणि शेजारचा मुबारक अशी तिघांची टोळी रोज छावणीकडे भटकायची.

कागदावर शाईने इंग्रजीत एक ते एकतीस तारखा लिहिल्या होत्या. प्रत्येक तारखेपुढे पाच आकडे आणि पाच अक्षरं. वरच्या कोपऱ्यात शाईचा मोठा डाग.

"पाच आकडे? हे तर त्या यंत्राचं दिसतंय!" मुबारकचे डोळे विस्फारले.

लष्कराच्या बिनतारी कचेरीत नाईक बद्रीनाथ गुप्त संदेशांचं यंत्र चालवायचा. चार दिवसांपूर्वी त्याने मुलांसमोर फुशारकी मारली होती, "दिसायला टाइपरायटर, पण आत पाच चाकं! कोणतं चाक कुठे बसवायचं, कोणत्या अक्षरावर ठेवायचं, हे रोज बदलतं. इथली आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची चाकं सारखी बसली, तरच मजकूर उलगडतो. यंत्र हाती लागलं तरी दुश्मन डोकं आपटत बसेल!"

"आणि हा कागद हाती लागला तर?" उषाने हातातल्या पुडीकडे बघत विचारलं.

पुंजारामचा चेहरा उतरला. त्याचा थोरला भाऊ भुजंग त्याच आघाडीवर लष्करी ट्रक चालवत होता. ट्रक कोणत्या रस्त्याने निघणार, तेही अशाच संदेशांतून कळवत असणार!

"मंग जल्दी चला, कुणाला तरी सांगू!" तो म्हणाला.

"आधी खात्री करू," उषा म्हणाली. "उद्या अठरा तारीख."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं कचेरीमागच्या चिंचेखाली बसले. उकाड्यामुळे खिडकी सताड उघडी होती. आतून मदतनिसाला सांगणारा बद्रीनाथचा खणखणीत आवाज आला, "बसव चाकं! दोन, पाच, एक..."

उषाचं बोट कागदावर सरकत होतं.

"...तीन, चार!"

बरोबर तेच! पुढची अक्षरंही तीच!

"आपल्याला ऐकू येतंय, म्हणजे कुणालाही येईल!" मुबारक संतापला.

पुडीचा कागद कुठून आला, हे विचारायला तिघं फुटाणेवाल्या रखमाजीकडे धावले. तो म्हणाला, "छावणीतली रद्दी हाय ती. झाडूवाला टोपलीभर देऊन जातो. का रे बाबांनो?"

मुलांनी थेट बद्रीनाथला गाठलं. कागद पाहून तो क्षणभर चपापला, मग हसला. "हा होय! तिजोरीतल्या कागदाची नक्कल करताना डाग पडला, म्हणून टाकला. दुसरी माझ्या खिशात आहे. रोज रोज तिजोरी कोण उघडत बसणार? आणि फुटाणेवाल्याला काय कळतंय त्यातलं?"

"माझा दादा तिकडं जीव मुठीत धरून ट्रक चालवून राह्यला," पुंजाराम ओरडला, "आन् तुमाला तिजोरी उघडायचा कंटाळा?"

बद्रीनाथने कागद हिसकावला आणि काडी ओढून जाळला. "झालं! आता कुणाला काय दाखवाल? पळा!"

तिघं बाहेर आले. उषाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं.

"रडू नको," मुबारक हळूच म्हणाला. "उद्याचे आकडे-अक्षरं माझ्या बिलकुल ध्यानात आहेत. पाच, तीन..."

"मोठ्यानं न्हाई!" पुंजारामने त्याचं तोंडच दाबलं.

दहा वाजता कचेरीचे अधिकारी कॅप्टन रामराव तपासणीला आले. फाटकावर उषाने सलाम ठोकला आणि घडी घातलेली चिठ्ठी पुढे केली. "साहेब, फक्त तुम्हीच वाचा. हे उद्याचं आहे."

कॅप्टन साहेबांनी चिठ्ठी उघडली. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला! आत जाऊन त्यांनी तिजोरीतला कागद पाहिला. अक्षर न् अक्षर जुळत होतं.

"साहेब, पोरं चोर आहेत!" बद्रीनाथ ओरडला.

"तिजोरी तू आणि मीच उघडतो. मग चोर कोण? खिसे उलटे कर!"

बद्रीनाथच्या खिशातून दुसरी नक्कल बाहेर पडली. पाठोपाठ रखमाजीच्या रद्दीत आणखी तीन वापरलेले कागद सापडले. साहेबांचा आवाज चढला, "नक्कल करायची नाही, आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत, वापरलेला कागद समोर उभं राहून जाळायचा. एवढंही जमलं नाही तुला? तिकडे माणसं मरतात रे!"

बद्रीनाथची रवानगी कोठडीत झाली. तासाभरात सगळ्या ठाण्यांना कळवण्यात आलं की मे महिन्याचे आकडे रद्द, नवे कागद अधिकारीच घेऊन येतील.

संध्याकाळी कॅप्टन साहेब स्वतः उषाच्या घरी आले. उषाची आई नंदाबाई घाबरून दारात उभी राहिली.

"घाबरू नका, बाई. या तिघांनी आज शेकडो जवानांचा जीव सांभाळला. माझ्या माणसांना जे कळलं नाही, ते यांना कळलं. बोला, काय बक्षीस हवं?"

"साहेब, ते यंत्र एकदा दाखवा ना!" मुबारक म्हणाला.

"नाही."

मुबारक हिरमुसला, पण उषाने टाळी वाजवली. "आता कसं! बराबर!"

पुंजारामचा चेहरा उजळला होता. "मंग मी दादाला पत्र लिहू? समदं सांगतो, ती पुडी, ते आकडे..."

"नाही!" कॅप्टन साहेब, उषा आणि मुबारक एकदमच ओरडले.