न नोंदलेला उत्तरपक्ष

रुग्णालयातल्या विवेकयंत्राच्या कक्षात प्रा. शरयू ओगले यांना नेहमीच मानाची खुर्ची मिळे. यंत्र नीती शिकलं होतं ते त्यांच्याच ध्वनिमुद्रित व्याख्यानांवरून. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला याहून मोठा मान तो कोणता! आज मात्र बाई उभ्याच होत्या.

काचेपलीकडे सोपान गवारे कृत्रिम फुप्फुसावर होता. त्यांचा विद्यार्थी, पुढे विभागातला सहकारी. रुग्णालयात असं फुप्फुस एकच होतं, आणि ते सोपानचं काढून एका तरुण मुलीला लावायचा निर्णय यंत्राने दिला होता.

“फिरोज, हे थांबवा.”

यंत्र घडवणारे डॉ. फिरोज तडवी मान खाली घालून म्हणाले, “बाई, इथे रदबदली चालत नाही. युक्तिवाद खोडला तरच निर्णय फिरतो. नियम तुमच्याच समितीचा.”

“कसला युक्तिवाद?”

यंत्र बाईंच्याच आवाजात बोललं, “ज्याच्यापुढे जास्त आयुष्य, त्याचा हक्क मोठा. आधी कोण आलं, हे नीती विचारत नाही.”

“अहो, हा तर पूर्वपक्ष! समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून जोरात मांडायचं, मग उत्तरपक्षात ते खोडायचं, ही आपली जुनी रीत. मी मांडायचे, पोरांनी खोडायचं.”

“पोरांचं काहीच ध्वनिमुद्रित झालेलं नाही,” फिरोज म्हणाले. “माइक तुमच्या टेबलावर होता.”

बाईंचा चेहरा उतरला. उत्तर आयतं द्यायचं नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता! दरवर्षी वर्ग हरायचा. एकदाच एकाने त्यांना चारी मुंड्या चीत केलं होतं. तो सोपान.

“मग काय म्हणाला होता तो? सांगा ना!”

त्याची उसवलेली कॉलर आठवली, बाकं बडवणारी पोरं आठवली. शिष्याने हरवल्याच्या आनंदात शब्द मात्र राहून गेले होते. बाईंनी स्वतः युक्तिवाद करून पाहिले. प्रत्येक वेळी यंत्राने त्यांच्याच आवाजात ते खोडले, कारण वर्गात कुणी ना कुणी तेच म्हणालं होतं आणि बाईंनी हसत हसत उडवून लावलं होतं.

“त्याला शुद्धीवर आणा. तोच सांगेल.”

“फुप्फुस चालू आहे तोवर गुंगी ठेवावीच लागते, बाई. काढल्यावर शुद्ध येईल. पण मग बोलण्यापुरता श्वास नसेल.”

बाई काचेला टेकून रडू लागल्या. “सोपान, तुझं नीट ऐकायला हवं होतं रे मी.”

यंत्राचा माइक चालू होता. यंत्र त्यांच्याच समजावणीच्या सुरात म्हणालं, “हा उत्तरपक्ष नव्हे. अजून कुणाला काही म्हणायचंय?”