पट्टीखालचा उजेड

धाकट्याने आल्या आल्या स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मग दादाला, पण दाराआड वहिनीला नीट ऐकू जाईल अशा बेताने, तो म्हणाला की या वेळी गॅसवरचं काहीही या खोलीत येता कामा नये. वहिनी ओट्याशी उभी होती. हातातलं फडकं तिने उगाचच पिळलं... कोरडंच होतं ते.

तीन वर्षांत या दिराने तिला एकदाही ‘वहिनी’ म्हणून हाक मारली नव्हती. ज्याचे शाळेचे डबे तिने भरले, तापात ज्याच्या उशाशी ती बसून राहिली, तोच आता तिच्याशी बोलायची वेळ आली तर भिंतीकडे बघून बोलत असे. आणि त्याचं तरी काय चुकत होतं! तीन वर्षांपूर्वी, मागच्या स्पर्धेच्या वेळी त्याने याच खोलीत, दादाने लावून दिलेल्या टेबलावर, छोट्या विमानाचा पंख जोडला होता. पंखाच्या त्या नाजूक कामट्या ज्या फळीवर चिकटवाव्यात तिचाच आकार धरतात. गोंद वाळला की ब्रह्मदेव आला तरी पीळ सुटत नाही. विमान मैदानावर वर चढलं, डावीकडे कललं आणि कुंपणावर आदळून त्याचा चुरा झाला. टेबलाचा कोपरा उचललेला होता. दादा गोंधळून म्हणत राहिला की मी स्वतः तपासलं होतं... आणि तेवढ्यात वहिनी पुढे झाली होती. माझंच चुकलं, मी गरम पातेलं ठेवलं त्यावर, फळी वाकली असेल.

पातेलं तिने कधीच ठेवलं नव्हतं.

दादाची नजर जात होती. समोर जे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं, कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे घरात वावरताना कुणाच्या लक्षात येत नसे. धाकट्याला यातलं काही सांगायचं नाही, असं त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं. ते तिने पाळलं, आणि त्याहून जड असं एक ओझं स्वतःहून उचललं. आयुष्यभर सुतारकाम केलेल्या माणसाला, ‘तुमच्याच नजरेने तुमच्या भावाचं विमान पाडलं,’ हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून ते पातेलं तिने नवऱ्यालाही खरं वाटू दिलं. बिचारा तोही तेव्हा चार दिवस तिच्याशी अबोला धरून बसला होता!

आता पुन्हा स्पर्धा होती, आणि वयाच्या अटीमुळे धाकट्याची ही शेवटची. टेबल म्हणून दोन लाकडी घोड्यांवर नवी जाड फळी चढली होती. दादाने लोखंडी पट्टी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवली, पलीकडे टॉर्च लावला आणि तो वाकला. पट्टीखालून उजेड आला तर फळीत खोट, नाही आला तर फळी सपाट. सगळी मेख इथेच होती. दादाला तो उजेड दिसतच नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी जगातलं प्रत्येक टेबल सपाट होतं.

वहिनीने दार किलकिलं केलं. तिला उंबऱ्यावरूनही पट्टीखालची फट दिसली.

“सपाट आहे,” दादा म्हणाला. “उजेडाचा मागमूस नाही.”

धाकटा वाकला आणि तसाच ताठ झाला. “दादा, मस्करी करतोस? मागच्या वेळीही असंच बघितलं होतंस का?”

दादाने पुन्हा डोळे बारीक करून बघितलं आणि नाही म्हणजे नाही असं सांगितलं. तेव्हा धाकट्याने, काय मनात आलं कोण जाणे, पट्टीचं एक टोक आवाज न करता चांगलं दोन बोटं वर उचललं.

“आता?”

“आताही नाही. हलवू नकोस, बरोबर टेकलीय.”

धाकट्याने मान वळवली. दारात वहिनी उभी होती, ओठांवर पदर दाबून, नकारार्थी मान हलवत... सांगू नकोस, एवढंच तिचे डोळे विनवत होते. तीन वर्षांनी तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. पट्टी त्याने हळूच खाली ठेवली.

“हो दादा. सपाट आहे,” तो म्हणाला, पण त्याचा आवाज फाटला.

दादाचे कान शाबूत होते. त्याने पट्टीच्या कडेने बोट फिरवायला सुरुवात केली. मधोमध येताच त्याचं नख आत गेलं. तो थांबला. मग मान तिरकी करून, कडेच्या नजरेने, त्याने बायकोला शोधलं.

“पातेलं कुठलं होतं गं?”

इतक्या वर्षांत तिने सगळा विचार करून ठेवला होता, फक्त हा प्रश्न सोडून. “मोठं...” ती म्हणाली.

दादा स्टुलावर बसला. मी चार दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो, असं तो पुटपुटला. धाकट्याला तर आपला तीन वर्षांचा हिशेब सांगायचंही धाडस होईना. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“मला का नाही सांगितलंत, वहिनी?”

“तुझं विमान पुन्हा बांधता आलं असतं रे,” ती म्हणाली. “ह्यांना मी कशाने जोडलं असतं?”

शेवटी दादाच उठला आणि चाचपडत फळीशी आला. दिवसभर रडत बसलात तर पंख काय मी एकट्याने जोडू, म्हणाला. धाकट्याने डोळे पुसले, लाकडाची पाचर घेतली आणि तो टेबलाखाली शिरला.

“वहिनी, टॉर्च धरा.”

ती आत आली. पट्टीमागे टॉर्च धरून वाकली. खालून पाचरीवर हातोडीचे हलके ठोके पडू लागले. दादाचे दोन्ही तळवे फळीवर होते.

“गेला का गं उजेड?” त्याने विचारलं.

इतकी वर्षं त्याच्या अशा प्रत्येक प्रश्नाला तिने त्याला हवं तेच उत्तर दिलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून दिसतोय.”