कड्यावरची भेग

वस्तीच्या डोक्यावरचा कडा फाटत चालला होता. ताई भूगर्भतज्ज्ञ, तिची खात्री होती. पण जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना ते पटत नव्हतं. "फोटो आणा, मग वस्ती हलवतो," ते म्हणाले. भेग खालून दिसत नव्हती. तिच्यासमोर उभं राहायला कातळातला एक अरुंद कट्टा तेवढा होता. म्हणून आम्ही तिघं निघालो. ताई, दोर सांभाळणारे काका आणि कॅमेरा घेऊन मी, तिची धाकटी बहीण.

माझा कॅमेरा जुना, फिल्मचा. त्यात भिंगातून दिसत नाही, शेजारच्या खिडकीतून बघायचं. नेहमीच्या भिंगात इतक्या जवळून भेग मावली नसती, म्हणून मी रुंद कोनाचं नवं भिंग आणलं होतं. त्याच्यासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळी छोटी खिडकी, व्ह्यूफाइंडर, बसवावी लागते. त्यातून बघितलं की सगळं जग लांब पळतं. वाटेत ताईकडे बघितलं तर ती मुंगीएवढी!

"पुढे ये," ती म्हणाली. "दाराच्या भोकातून पाहुणा बघतात तसं काय बघतेस?"

मी हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

कट्ट्यावर पाय ठेवला. पुढे भेग, मागे दरी, मध्ये जेमतेम झोपायची जागा. भेग माझ्या पायांपाशी सुरू होऊन वर कुठेतरी नाहीशी होत होती. आतून गार हवा येत होती, आणि दात खाल्ल्यासारखा बारीक आवाज.

"लवकर उरक," कट्ट्याच्या तोंडाशी ताईजवळ थांबलेले काका म्हणाले. त्यांनी माझ्या कमरेचा दोर स्वतःभोवती घेतला होता.

मी डोळा लावला. भेग लांब दिसली, कट्टा ऐसपैस दिसला. वरचं टोक चौकटीत येईना, म्हणून एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. टाच खाली गेली. खाली काहीच नव्हतं!

दोर ताणला. गुडघा कातळावर आपटला. काकांनी मला ओढून वर घेतलं.

"त्या भोकात जागा दिसते, पायाखाली नसते," ते धापा टाकत म्हणाले.

मी भराभर बटण दाबलं. "झालं," म्हणाले आणि ताईकडे वळले.

ताई माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला.

"अगं, टोपण."

भिंगावर टोपण तसंच होतं. खिडकीतून सगळं दिसत होतं, म्हणून मला कळलंच नव्हतं. सगळे फोटो काळे.

तेवढ्यात वरून खडे आले. आधी वाळूसारखे, मग मुठीएवढे.

"राहू दे, खाली चला," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

मला तेच हवं होतं. पण खाली वस्तीत कुणीतरी अंगणात कपडे वाळत घालत होतं. इथून ती बाई ठिपक्याएवढी दिसत होती आणि तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"एकदाच," मी म्हणाले. "काका, दोर धरा."

या भिंगाला मागे सरकायची गरजच नव्हती. ते जवळूनच बघतं. मी बूट भेगेला टेकवून कातळावर बसले आणि मघाशी आडवा धरलेला कॅमेरा उभा केला, म्हणजे वरचं टोकही मावेल. फोकसचं अंतर अंदाजाने लावलं. रुंद भिंगात थोडं इकडेतिकडे चालतं. टोपण काढून ताईकडे फेकलं. कॅमेरा छातीशी घट्ट धरला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. फिल्म पुढे सरकवली. पुन्हा दाबलं. कट्टा हादरला. धूळ तोंडात गेली.

"ऊठ!"

मी उठले नाहीच. काकांनी मला पोत्यासारखं खेचलं. आम्ही कसे उतरलो ते मला आठवत नाही. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिथे वळ उठले.

धुवून आलेल्या फोटोत भेग तळापासून टोकापर्यंत होती. खालच्या कोपऱ्यात माझा बूटही आला होता. मला तो कापायचा होता, पण ताईने तसाच फोटो साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी फोटो जवळ ओढला. भेग बुटापेक्षा रुंद होती.

"हा पाय कुणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलला. "वस्ती आजच रिकामी करा," ते म्हणाले.