दुपारी दोन ते तीन

कंपनीचे साहेब वहिनींच्या बैठकीत आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

वहिनी खाजगी तपास करत. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे. त्यांचे खरे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हणजे भावोजी. ते त्यांच्या मागून शंका काढत फिरत.

साहेबांची कंपनी दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर पहारा ठेवी. कुठे कोणी चोरून शिरायला कुलूप चाचपलं की पडद्यावर इशारा येई. खरा कोणता, खोटा कोणता, हे माणसं घरबसल्या, सोयीच्या तासांत निवडत. त्यामुळे एरवी कोणी दारात उभं केलं नसतं अशीही माणसं तिथे होती. चाकाच्या खुर्चीतली एक बाई, ऐकू न येणारा एक जण, तान्ह्या मुलांच्या दोन आया.

त्यातल्या एका आईची रोज दोन ते तीन सुट्टी असे, मुलीला भरवून निजवायला. पंधरा दिवस नेमक्या त्याच तासात, तिच्याच घरच्या मशीनवरून, तिच्याच नावावर कोणीतरी इशारे उघडत होतं. चोरीला काही गेलं नव्हतं. ती म्हणे, मीच होते.

"साफ खोटं," साहेब म्हणाले. "सोमवारी मालकांसमोर बैठक आहे. उलगडा झाला नाही तर तिची नोकरी जाईल आणि बाकी सगळ्यांना ऑफिसात यावं लागेल."

"ज्यांना येता येणार नाही, ते?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

आधी भेटला तो ऐकू न येणारा सहकारी. तीन वाजता तिच्या जोडीला त्याची पाळी सुरू होई. वहिनींच्या प्रश्नांना तो कागदावर उत्तरं देत होता. ताजा इशारा यादीत सर्वांत वर येतो आणि सगळे वरूनच वाचतात. या तासातले इशारे मात्र खालून, सर्वांत जुन्यापासून उघडलेले होते. शिवाय एका पत्त्यावर खूण होती. तिथून रोज एकदाच, हळूच कोणीतरी कुलूप चाचपत होतं. आमच्या सगळ्यांच्या नजरेतून तो निसटला होता, खूण करणाऱ्याला पगार द्या, असं लिहून तो हसला.

"चोर इतकं मन लावून काम करतो?" भावोजींनी विचारलं.

"कामचुकार चोर मीही पाहिले नाहीत, भावोजी."

मग त्या आईच्या घरी. नवरा बस चालवी, सकाळी सातला गेला की दिवेलागणीला घरी. ती, म्हणजे घरची सून, मान खाली घालून तेच सांगत राहिली. इशारे कुठून वाचतेस, असं वहिनींनी सहज विचारलं. वरून, सगळेच तसं वाचतात, ती म्हणाली.

सासूबाई नातीला खांद्यावर थोपटत होत्या. मला त्या डबड्यातलं काय कळतंय, म्हणाल्या. स्वयंपाकघरात फ्रीजवर मुलीच्या तापाचा कागद चिकटवला होता. १६:१०, औषध दिलं. १८:००, ताप उतरला. प्रत्येक ओळीखाली सही. घरात सही कशाला, असं भावोजींनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, जुनी सवय.

रविवारी वहिनींनी साहेबांना त्याच घरी बोलावलं. मुलगी झोपली होती.

"मशीन या घरातलं, म्हणजे माणूस या घरातला," वहिनी म्हणाल्या. "नवरा बसवर. सून वरून वाचते. पूर्वी हीच नोंद मशीन लांब कागदावर छापत असे, जुनं आधी, नवं नंतर. तसं वाचायला शिकलेला माणूस आजही जुन्याचं टोक धरून चालतो. म्हणूनच रोज एकदा येणारा त्याला दिसला. आणि चोवीस तासांची वेळ घालून ओळीखाली सही करायची, ही पाळी बदलतानाची शिस्त. ती या घरात फ्रीजवर आहे."

सासूबाईंनी हात पुसले.

"अकरा वर्षं होते एका कंपनीत, कॉम्प्युटरच्या खोलीत. मग ह्यांनी अंथरूण धरलं. मी दिवसाचं चार तासांचंच काम मागितलं, नाहीतर कागद घरी पाठवा म्हटलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, बाई, ही नोकरी आहे, शिवणकाम नव्हे." त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. "पंधरा दिवसांपूर्वी दुपारी हा पडदा उघडा राहिला होता. नुसतं बघायला बसले. उठवेना."

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं," सून म्हणाली. "मग मी मुद्दाम उघडा ठेवायला लागले. त्या तासानंतर आई गुणगुणत स्वयंपाक करायच्या."

साहेब म्हणाले, चूक ती चूक, लेखी ताकीद मिळेल. पण नोकरी राहील, आणि घरून काम करण्याच्या बाजूने मालकांशी ते स्वतः बोलतील. उद्यापासून मशीन मात्र कुलूपबंद.

"यांना का घेत नाही?" वहिनींनी विचारलं.

वयाची अट आहे, विचारून बघतो, साहेब म्हणाले. त्या 'विचारून बघतो'चं वजन खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुलूप हवंच," सासूबाई म्हणाल्या. "मीही तेच केलं असतं."

दारापर्यंत त्या साहेबांच्या मागे आल्या.

"तो रोज एकदा येणारा... बुधवारी मी खूण केली, त्यानंतर आला का हो?"

साहेब घुटमळले. "ते बाहेरच्यांना सांगता येत नाही, बाई."

"नाहीच सांगायचं," त्या म्हणाल्या. तरी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग आत मुलगी जागी झाली, आणि त्या तिला घ्यायला गेल्या.