दातेरी धार

"अहो, जरा सरकता का? की डोंगर नावावर करून घेतलाय?"

वाट जेमतेम दीड फुटाची. दोन्ही बाजूंना गवताळ उतार, आणि मधोमध एक माणूस बुटाची नाडी बांधत बसलेला. त्याने मान वर केली... आणि हसला. "सरकलो तर थेट खालच्या ओढ्यात. तुम्हीच दोन पावलं मागे व्हा ना."

"एवढं चढून आलेय. मागे बिगे होणार नाही मी."

"मग बसा. नाडी जुनी आहे, वेळ लागेल."

ती बसली. धुकं डोंगराच्या धारेवरून वाहत होतं, मधेच फाटत होतं, पुन्हा मिटत होतं. तासभर दोघं बोलत राहिले. नाडी केव्हाच बांधून झाली होती.

तो सुतार होता, दारं-खिडक्या करणारा. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायची.

"म्हणजे आपण दोघंही चौकटीवालेच," तो म्हणाला. "फक्त माझ्या चौकटी नाकावर मावत नाहीत."

ती खळखळून हसली. असं हसून तिला किती दिवस झाले होते, कोण जाणे!

मग दर रविवार डोंगराचा झाला. तिसऱ्या रविवारी 'अहो' गळून पडलं. शिखरांचा त्याला सोस नव्हता. "शिखरावर पोचलं की संपलं," तो म्हणायचा, "धार कशी, चालत राहा, दोन्हीकडचं बघत राहा." त्याची लाडकी धार लांबलचक आणि सुस्त होती, लोळत पडलेल्या म्हशीसारखी. तिला मात्र मागचा बोडका, दोन उंचवट्यांचा डोंगर आवडायचा. त्यावरून कडाक्याची भांडणं व्हायची. पण वारा सुटला, की तो न बोलता बाजू बदलून वाऱ्याच्या अंगाने चालायला लागायचा. तिच्या हे लक्षात आलं होतं.

घरी ती आणि बाबा, दोघंच. "तो सुतार चहाला कधी येणार?" बाबांनी दोनदा विचारलं होतं.

फक्त पलीकडच्या दातेरी धारेचं नाव तिने काढलं, की तो विषय बदलायचा. "तिकडे नको. दगड सैल आहेत."

एका रविवारी ती थांबली. "मला तिकडेच जायचंय रे. चार वर्षांपूर्वी माझा दादा तिथून पडला. एकटाच गेला होता. अंगात लाल स्वेटर..."

तो चालता चालता थबकला. "तुझा... दादा?"

त्यानंतर उतरेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. आपल्या दुःखाने याचा जीव गलबलला, असं तिला वाटलं. त्या दिवशी तो तिला जास्तच आवडला.

पुढच्या रविवारी त्यानेच तिला दातेरी धारेवर नेलं. पहिल्या सुळक्याशी थांबून त्याने खालच्या घळीकडे बोट दाखवलं. "तिथे."

"तुला काय माहीत?"

"शोधायला आलेल्या सहा जणांचा म्होरक्या मी होतो." त्याचं बोट अजून घळीकडेच होतं. "दिवस मावळत आलेला, धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. खालून हाक आली. एकदाच. सगळे म्हणाले, वारा असेल. मीही तेच म्हणालो आणि सगळ्यांना मागे फिरवलं. कागदावर लिहिलं – प्रतिसाद नाही."

"वारा होता?"

"नाही." तो तिच्याकडे बघत होता. "मला तेव्हाही माहीत होतं. सकाळी उतरलो तेव्हा त्याचं अंग अजून थोडं कोमट होतं."

ती खाली बसली. घळीत धुकं भरलं, पुन्हा ओसरलं.

"हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं," ती शेवटी म्हणाली.

"तुझ्याशी लग्न करायचं मनात आहे. हे पोटात ठेवून कसं करू?" आणि मग, हळूच, "बाबांना भेटायला येईन मी. पण त्यांनी विचारलं तर माझ्याने खोटं नाही बोलवणार. एकदा खोटं लिहिलं, तेवढं पुरे झालं."

चार दिवसांनी ती त्याच्या कारखान्यात गेली. रंधा थांबला. त्याच्या पापण्यांवर भुसा होता. तो पुसायला तिचा हात उठला... आणि तसाच मागे आला.

"तू त्या धुक्यात माणसं उतरवली असतीस, तर आणखी कुणाच्या घरात फोटोला हार लागला असता. कळतं मला. रागही ओसरेल माझा, आज ना उद्या."

"मग?"

"बाबांना तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, पडल्या पडल्या गेला, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. त्या एका वाक्यावर ते जगताहेत. येईल त्याला ऐकवतात. तू डोंगरातला माणूस... तुला ते विचारल्याशिवाय राहतील?"

"आणि मी–"

"तू खोटं बोलणार नाहीस. म्हणून तर जीव जडलाय तुझ्यावर!"

हे ती पहिल्यांदाच बोलली होती. त्याने रंधा बाजूला ठेवला.

"मी थांबेन," तो म्हणाला.

"नको थांबूस. थांबायचं म्हणजे बाबा जायची वाट बघायची. तुला जमेल? मला नाही जमणार."

त्याने मान खाली घातली. त्यालाही जमणार नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "आज डोंगर नाही? आणि त्या सुताराचं काय झालं गं, घरी येणार होता ना?"

"नाही येणार, बाबा. त्याचं मन फिरलं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवत, रागाने म्हणाले, "करंटा आहे मेला! तुझी किंमत कळायला नशीब लागतं."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पहिल्यांदाच मनसोक्त रडली.